कोळंबीच्या दोन माता



मिरगाचा पाऊस स्थिरावला आणि व्हाळ भरून वाहू लागले, की आपल्या पेडणे-डिचोलीकडील मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. कोणी जुन्या चाळणीने, कोणी फाटक्या पंचाने, तर कोणी नुसत्या ओंजळीने पाणी चाळतो आणि सायंकाळी बाटलीत चार-दोन जिवंत जीव घेऊन घरी येतो. त्यांत एखादी पारदर्शक, लांब मिशांची कोळंबी असते. मग घरातील मोठी बरणी रिकामी केली जाते, तळाला वाळू पडते आणि मुलांचे सारे लक्ष त्या बरणीकडे लागते.

मागील एका पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एका घरी असाच प्रसंग माझ्या पाहण्यात आला. सहावीतील एका मुलीने व्हाळातून चार कोळंब्या आणल्या होत्या. त्यांपैकी एकीच्या पोटाखाली बारीक अंड्यांचा घोस होता. मुलीने तिला वेगळ्या बरणीत ठेवले, रोज स्वच्छ पाणी घातले, उकडलेल्या पालेभाजीचा तुकडा दिला. काही दिवसांनी अंडी फुटली. बरणीत शेकडो सूक्ष्म ठिपके तरंगू लागले, शेपटी वर आणि डोके खाली अशा उलट्या अवस्थेत. शेजारची मुले ते पाहावयास जमली. चौथ्या दिवशी सकाळी पाहतात तो एकही पिल्लू जिवंत नव्हते. आई मात्र तळाशी धडधाकट फिरत होती.

मुलीने आपल्या आजोबांना विचारले, “शापाय, मी पाणी कमी घातले का? की जास्त खायला दिले?”

आजोबांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते म्हणाले, “तुझे काही चुकले नाही, बाय.” आजोबा प्रेमापोटी बोलले, पण ते बोलले ते शास्त्रालाही धरूनच होते. ते कसे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे. अशा बरण्या पुष्कळ घरांत भरल्या जातात आणि पुष्कळ घरांत रिकाम्या होतात. त्यामागचे कारण आईबापांना ठाऊक असले, तर मुलांचे दुःख टळेल आणि व्हाळातील जिवांचेही रक्षण होईल.

गोड्या पाण्यात दिसणाऱ्या सर्व कोळंब्या जन्माने गोड्या पाण्याच्या नसतात. त्यांच्यात दोन प्रकारच्या माता आहेत. एक माता पुष्कळ आणि अगदी बारीक अंडी घालते. त्या अंड्यांत पिल्लाला पुरेशी शिदोरी नसते. म्हणून पिल्लू अर्धवट वाढलेल्या रूपातच बाहेर पडते. या बाल्यरूपाला शास्त्रात डिंभ म्हणतात. डिंभ आईसारखा दिसत नाही, तळाशी चालत नाही. तो पाण्यात तरंगतो आणि अनेक वेळा कात टाकून मगच कोळंबीचे रूप घेतो. या अवस्थेत त्याला मचूळ पाणी लागते, म्हणजे नदी आणि समुद्र जेथे मिसळतात तेथील पाणी. निव्वळ गोड्या पाण्यात तो काही दिवसांतच मरतो.

दुसरी माता थोडीच, परंतु मोठी अंडी घालते. त्या प्रत्येक अंड्यात भरपूर शिदोरी असते. पिल्लाचे डिंभपण अंड्यातच संपते आणि बाहेर येते ती आईचीच इवलीशी प्रतिमा. तिला समुद्राची गरज पडत नाही. ज्या पाण्यात आई राहते, त्याच पाण्यात पिल्ले वाढतात.

आपल्या मुलीने आणलेली कोळंबी पहिल्या प्रकारची होती. पिल्लांना हवे होते ते खाडीचे पाणी, आणि ते तिच्या बरणीत कोठून येणार?

ही गोष्ट मोठमोठ्या जाणत्यांनाही पुष्कळ काळ उमगली नव्हती. दक्षिण व आग्नेय आशियातील नद्यांत राहणारी, निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या नराची लांबी ३२ सेंटिमीटरपर्यंत जाते. तिची पैदास करावी असे अनेकांना वाटे, पण पिल्ले जगत नसत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे तज्ज्ञ शाओ-वेन लिंग हे मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, पिनांग येथे या प्रश्नावर काम करीत होते. १९६१ साली त्यांना उलगडा झाला की, या कोळंबीच्या डिंभांना जगण्यासाठी खारटपणा लागतो. पुढे हवाई बेटांत ताकुजी फुजिमुरा यांच्या गटाने १९७२ पर्यंत मोठ्या प्रमाणावर पिल्ले वाढविण्याची रीत बसविली. आज जगभर या कोळंबीची जी शेती चालते, तिचा पाया त्या एका शोधावर आहे. तेव्हा पेडण्याच्या मुलीच्या बरणीत जे घडले, तेच एके काळी तज्ज्ञांच्या टाक्यांतही घडत होते.

आता कोणी म्हणेल, मग बरणीत थोडे मीठ टाकले तर? एवढ्याने भागत नाही. या डिंभांसाठी हजार भाग पाण्यात सुमारे बारा भाग क्षार ठेवावे लागतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे पस्तीस भाग असतात. म्हणजे एक भाग समुद्राचे पाणी आणि दोन भाग गोडे पाणी असे ते मिश्रण होते. त्यात सतत हवा सोडावी लागते, नुकत्याच जन्मलेल्या सूक्ष्म जिवांचे खाद्य रोज द्यावे लागते आणि हे सारे तीन ते पाच आठवडे न चुकता करावे लागते. घरच्या ओसरीवर हे साधणे कठीण आहे. यास्तव घरात पैदास पाहावयाची असेल, तर दुसऱ्या प्रकारची माता निवडावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

दोघींतील भेद ओळखावा कसा? स्वयंपाकघरातील दोन डबे उघडा. पोटाखालची अंडी शेकड्यांनी असून खसखशीएवढी किंवा तिच्याहूनही बारीक असतील, तर ती खाडीकडे जाणारी माता समजावी. अंडी वीस-तीसच असून राजगिऱ्याच्या दाण्याएवढी ठसठशीत असतील, तर बहुधा ती घरीच पिल्ले वाढविणारी माता असते. ही साधी परीक्षा मुलांना शिकवावी.

घरातील काचपेटीसाठी जगभर जी कोळंबी पाळतात, तिला चेरी कोळंबी म्हणतात. तिचे मूळ घर चीन व तैवानकडील गोड्या पाण्याचे ओढे. मूळ रंग मळकट तपकिरी. लाल रंग हा पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला आहे. पूर्ण वाढलेली मादी दोन-तीन सेंटिमीटरची असते, नर त्याहून लहान व फिका. आयुष्य एक-दीड वर्षाचे. शहरांतील शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. ती खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी आहे.

पेटी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असली की पुरे. तीत सुमारे चाळीस लिटर पाणी मावते. भरलेली पेटी चाळीस किलोंहून जड होते. म्हणून ती डळमळत्या मेजावर ठेवू नये. आपल्याकडील खरा शत्रू उष्णता आहे. या कोळंबीला २२ ते २६ अंश सेल्सियस पाणी मानवते. तीस अंशांच्या पुढे तिची वीण मंदावते व ती दुबळी होते. सबब पेटी पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत न ठेवता, कौलारू घराच्या उत्तरेकडील थंड खोलीत ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत वरचे झाकण काढून पातळ जाळी बांधावी आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. मातीच्या मडक्यातील पाणी ज्या न्यायाने थंड होते, त्याच न्यायाने हेही दोन-तीन अंशांनी उतरते. जाळी मात्र बाराही महिने असावी. ही कोळंबी डासांच्या अळ्यांचा नायनाट करीत नाही. उघडे साचलेले पाणी म्हणजे घरात डेंग्यूला आमंत्रण.

पेटीत धुतलेली वाळू, व्हाळातील दोन-चार गोटे व पाणवनस्पती घालाव्यात, आणि हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. मग चार ते सहा आठवडे थांबावे. येथेच बहुतेकांची घाई होते. पाण्यातील घाणीपासून अमोनिया नावाचे विष तयार होते. त्याला निरुपद्रवी करणारे सूक्ष्म जंतू वाळूवर व स्पंजावर हळूहळू वाढतात. त्यांची वस्ती बसण्यापूर्वी कोळंबी सोडली, तर ती आठवड्यात दगावते. त्या काळात देशी बदामाचे वाळून गळलेले एखादे पान धुऊन पाण्यात टाकावे. त्यावर जो बुळबुळीत थर धरतो, तेच पुढे पिल्लांचे पहिले अन्न.

आपल्या चिऱ्याच्या जमिनीतील विहिरींचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्ल असते. पिण्यास ते गोड लागते, पण कोळंबीच्या कवचाला लागणारा चुना त्यात कमी असतो. त्यावर उपाय घरातच आहे. तिसऱ्यांचे मूठभर रिकामे शिंपले उकळून, घासून, फोडून गाळणीजवळ ठेवावेत. ते सावकाश विरघळून पाण्याला चुना देतात. नळाचे पाणी वापरावयाचे असेल, तर ते रुंद प्लास्टिकच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

पाणी तयार झाले की दहा-बारा कोळंब्या आणाव्यात. त्यांच्या पिशवीत पेटीतील पाणी थोडे थोडे घालीत तास-दोन तास घालवावेत आणि मगच त्यांना आत सोडावे. खाणे अगदी अल्प द्यावे. उकडलेल्या पालकाचे नखाएवढे पान किंवा दुधीची चकती एक दिवसाआड द्यावी. उरलेले दोन-तीन तासांनी काढून टाकावे. भाताची शिते मुळीच टाकू नयेत. ती कुजून पाणी नासते. आठवड्यातून तीन-चार लिटर पाणी बदलावे, त्याहून जास्त नको. या पेटीत मासे ठेवू नयेत. लहानशी गप्पीसुद्धा पिल्ले गिळते. वीज गेली तर घाबरू नये. पेटीत गर्दी नसेल, तर मधूनमधून पेल्याने पाणी वर उचलून ओतले की हवा मिसळते.

काही आठवड्यांनी मादीच्या मानेमागे पिवळसर-हिरवा डाग दिसू लागतो. घोड्याच्या पाठीवरील खोगिरासारखा तो दिसतो. ती आत तयार होणारी अंडी होत. मग ती कात टाकते, नर तिला शोधीत पेटीभर धावू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी अंडी पोटाखाली आलेली दिसतात. टाकलेली कात काढू नये. त्यातील चुना त्या पुन्हा खातात. आई तीन-चार आठवडे अंडी पोटाखालच्या पायांनी सतत हलवीत राहते, म्हणजे त्यांना ताजे पाणी मिळते आणि बुरशी धरत नाही. पिल्ले बाहेर येतात ती दोन मिलिमीटरची, पण मिशा-पायांसह पूर्ण. अडीच-तीन महिन्यांत ती स्वतः अंडी धरावयास तयार होतात.

आता एका मोठ्या धोक्याविषयी सांगितले पाहिजे. तो धोका म्हणजे तांबे. कोळंबीचे रक्त आपल्यासारखे लोहाने लाल नसून तांब्यामुळे निळसर असते. तरीसुद्धा पाण्यात विरघळलेले तांबे तिला विषासारखे मारते. जे रक्तात प्रमाणाने असते, तेच पाण्यात वाढले की घात करते. म्हणून तांब्याच्या कळशीतील किंवा भाणातील पाणी या पेटीत कधीही घालू नये. डिचोलीकडील कुळागरांत पावसाळ्यात सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. ते मोरचूद व चुना यांचे बनते आणि मोरचूद हा तांब्याचाच क्षार आहे. बागाईतदाराला ही फवारणी टाळता येत नाही, हे खरे. परंतु फवारणीनंतर कुळागराखालच्या व्हाळाचे पाणी काचपेटीसाठी आणू नये, आणि फवाऱ्याची भांडी वाहत्या पाण्यात धुऊ नयेत. डास मारण्याचे फवारेही असेच घातक. ज्या खोलीत पेटी आहे, तेथे ते वापरू नयेत. साबण लागलेले हातही पाण्यात घालू नयेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पिल्ले वाढून पेटी भरली, की मुले दयाबुद्धीने म्हणतील, “यांना व्हाळात सोडू या.” हे कदापि होऊ देऊ नये. विहिरीतही सोडू नये, कारण पुरात विहीर व व्हाळ एक होतात. हीच चेरी कोळंबी जर्मनीतील गिलबाख या कोमट पाण्याच्या ओढ्यात व हवाईच्या ओआहू बेटावर रानटी होऊन वस्ती करून राहिली आहे. परका जीव एकदा ओढ्यात रुजला, की तो परत काढता येत नाही. आणि आपल्या व्हाळातील मूळच्या लहान कोळंब्यांचे अन्न व जागा त्याला हवी असते. जास्तीची पिल्ले शेजारच्या मुलांना द्यावीत. कोणी यातून भरघोस पैसा मिळतो असे सांगितले, तर त्या भरवशावर कर्ज काढू नये. घरातील एका पेटीचा लाभ तो मुलांच्या शिक्षणाचा.

आता आपण पुन्हा त्या पहिल्या मातेकडे वळू. तिळारीचे पाणी दोडामार्गाकडून गोव्यात उतरते, शापोरा हे नाव घेते, पेडण्याच्या दक्षिण सीमेने वाहत मोरजीजवळ समुद्राला मिळते. डिचोलीची नदी व साखळीची वाळवंटी मांडवीला मिळतात. या साऱ्या नद्यांना मिळणारे व्हाळ म्हणजे त्या मातेची वाट होय. अंडी घेऊन तिने खाली मचूळ पाण्याकडे जावयाचे, आणि काही आठवड्यांनी नखाएवढ्या पिल्लांनी काठाकाठाने पुन्हा वर चढावयाचे. ही पिल्ले रात्री ओल्या खडकावरूनही चढून जाऊ शकतात. पण उंच, गुळगुळीत, कोरड्या भिंतीपुढे त्यांचा उपाय चालत नाही. केरळात वेंबनाड सरोवरावर १९७० च्या दशकात, भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून, तण्णीरमुक्कम येथे बांध उभा राहिला. भाताला त्याचा लाभ झाला. परंतु मोठ्या कोळंबीच्या येण्याजाण्याची वाट अडली आणि तेथील पकड फार घटली.

आपल्याकडेही वायंगणाच्या शेतीसाठी पाणी अडवावेच लागते. बंधारे नकोत असे कोणी म्हणणार नाही. तथापि फळ्या घालताना एका बाजूस थोडे पाणी सतत वाहते राहील आणि खाली खडबडीत दगडांचा ओला उतार राहील, एवढे तरी ग्रामसभेत सुचविता येईल. आणि जे प्रत्येक घराला आजच करता येईल ते असे: अंडीवाली कोळंबी हाती लागली, तर ती बरणीत ठेवू नये, आमटीतही घालू नये. जेथे सापडली तेथेच, बंधारा असल्यास त्याच्या खालच्या अंगाला, तिला हलकेच सोडावी. एका मातेच्या पोटाखाली शेकडो, मोठ्या जातींत हजारो जीव असतात. एवढे दान करावयास ओंजळभर पाणी पुरते.

ज्या घरापासून आपण सुरुवात केली, तेथे आता ओसरीच्या थंड कोपऱ्यात चेरी कोळंब्यांची पेटी आहे आणि तीत दुसरी पिढी फिरते आहे. मुलगी पाहुण्यांना शिंपल्यांचे आणि बदामाच्या पानाचे कारण समजावून सांगते. यंदा पहिल्या पुरानंतर तिच्या चाळणीत पुन्हा एक अंडीवाली आली. तिने आजोबांना अंडी दाखविली आणि ती म्हणाली, “खसखस आहे, शापाय.”

आजोबा तिच्याबरोबर बंधाऱ्याखालपर्यंत चालत गेले. तिने ओंजळ पाण्यात बुडविली आणि बोटे उघडली.